खिशातला फ्यूज

राजुऱ्यातल्या निम्म्याअधिक घरांत ज्यांच्या हातानं लाइट आली, त्या फ्यूजचाचांच्या स्वतःच्या घरी कंदील होता. वाचकांच्या ओठांवर आत्ता जी म्हण आली असेल, ती कृपा करून तिथंच गिळून टाकावी. चाचांनी ती इतक्यांदा ऐकली होती की समोरच्यानं पहिला शब्द उच्चारला तरी ते हातातली पक्कड खाली ठेवत आणि चहाला निघून जात.

कंदिलाचं कारण गरिबी नव्हतं. वायर, बटणं, लाकडी पट्ट्या, एक पंखासुद्धा, सगळं सामान माळ्यावर पोत्यात बांधून तयार होतं. अडचण होती सहीची. घरात वायरिंग झालं की मीटरसाठी एक अहवाल द्यावा लागतो आणि त्यावर काम करणाऱ्या परवानाधारक वायरमनची सही लागते. परवाना मिळतो परीक्षा पास झाल्यावर, आणि ती काही चाचांना पास होत नव्हती. ते ज्या ठेकेदाराकडे काम करत, त्या शेठच्या भाच्याकडे मात्र परवाना होता. भाचा दिवसभर पानठेल्यावर बसे आणि संध्याकाळी येऊन सह्या करी. कागदोपत्री पाहिलं तर गावातला सगळा उजेड त्या भाच्यानं पाडलेला होता. "लोकाईच्या घरी चालन," चाचा म्हणत, "माह्या घराच्या कागदावर त्याचं नाव नाई येऊ देत. माह्या घरी माही सही, नाई तं कंदील." चंद्रपूरकडचा उन्हाळा ज्यांनी टिनाच्या छपराखाली काढला आहे, त्यांनाच या वाक्याची किंमत कळेल. चाचींना ती चांगलीच कळली होती. "यायच्या इज्जतीपायी मले घामोळं आलं," असं त्या दारात बसून पदरानं वारा घेत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

फ्यूजचाचा हे नाव गावानं ठेवलेलं. जुन्या बोर्डावर चिनीमातीचा पांढरा फ्यूज असायचा, बाजारात त्याला किटकॅट म्हणत. तो खोबणीतून उपसला की पुढची सगळी लाइन मेलेली. चाचा कुठल्याही घरात शिरले की आधी हा फ्यूज उपसत आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकत. मग शिडी, मग बाकी सगळं. मी एकदा म्हटलं, "चाचा, मेन बंद केला तं चालत नाई का?" तर म्हणाले, "मेनले कोणीबी हात लावते. माह्या खिशाले कोण लावते?" काम संपल्यावर फ्यूज परत लावायचं मात्र ते हमखास विसरत. मग कुणाच्या घरी पाहुणे अंधारात जेवत, कुणाची पिठाची चक्की अडून बसे, आणि त्या घरचा माणूस सायकल हाणत चाचांना शोधत फिरे. चाचा कुठं आहेत हे विचारायची गरजच नसे. "फ्यूज कुठी गेला?" एवढं विचारलं की लोक बोट दाखवत.

मी त्यांच्याकडे आले ती नव्वदीच्या अखेरीस, आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा दाखला घेऊन. वर्गात मुलगी मी एकटीच होते. आमचं गाव राजुऱ्याजवळच, तलावाच्या काठाला. बाबा तलावात मासे धरायचे, आई ते बाजारात विकायची आणि दोघं मिळून माझ्यासाठी स्थळ पाहायचे. परवाना मिळाला तर नोकरी, नाही मिळाला तर लग्न, असा घरात तह झाला होता. पण परीक्षेला बसायचं तर ठेकेदाराकडे काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, आणि जिथं जावं तिथं एकच प्रश्न: "पोरगी शिडीवर चढन काय?" फ्यूजचाचांनी तो विचारला नाही. त्यांनी विचारलं, "मराठी वाचता येते का धडाधडा?"

चाचा उर्दू शाळेत शिकलेले. मराठी बोलायला पाण्यासारखी, वाचायला मात्र त्यांचं बोट अक्षराअक्षराला थांबे, आणि परीक्षेचं पुस्तक मराठीत होतं. त्यांना शिडीवर चढणाऱ्या मुलीचं काही कौतुक नव्हतं, वाचून दाखवणारं माणूस हवं होतं. मला शिडी हवी होती. शेठलाही फुकटात एक हात मिळत होता. तेव्हा सौदा जमला. त्या दिवसापासून चाचांनी मला मास्तरीण म्हणायला सुरुवात केली. माझं खरं नाव त्यांच्या तोंडून मी पुढं एकदाच ऐकलं.

आमची शाळा भरायची शेठच्या इमारतीत, जिन्याखाली. तेच चाचांचं दुकान. चाचा सरळ उभे राहिले की डोकं वरच्या पायरीला लागे, म्हणून त्यांना जरा वाकून उभं राहायची सवय झाली होती, ती रस्त्यावरही जात नसे. खिडकी नाही. जळालेल्या मोटारींच्या वार्निशचा वास भिंतींना कायमचा बसलेला. वर शेठचं ऑफिस. दिवसभर लोक आमच्या डोक्यावरून चढत आणि उतरत, आणि प्रत्येक पावलागणिक थोडी धूळ पुस्तकावर पडे. ती फुंकून मी पुढची ओळ वाची. दुपारी शटर अर्धं खाली ओढलं की मला वाटायचं, आपण दोघं जाळ्यात आलो आहोत आणि पाणी हळूहळू कमी होत चाललं आहे. माझ्या बापाचा धंदाच तो, तेव्हा मला दुसरं काय सुचणार.

चाचांचा पेच माझ्यापेक्षा वाईट होता. परीक्षेला बसायला दाखला शेठचाच हवा. पास झाले तर शेठचं जिन्याखालचं दुकान सोडून ते स्वतःचं काम सुरू करणार, हे शेठलाही ठाऊक. तरी दरसाल शेठ हसत हसत दाखला देई. "घ्या चाचा, बसा. बसायले काय जाते?" म्हणे. खुराड्याचं दार उघडं ठेवलं तरी कोंबडी बाहेर जात नाही, हे माहीत असलेल्या माणसाचं ते हसू होतं. मला त्याचा असा राग यायचा! चाचा मात्र दाखला दोन्ही हातांनी घेत, सलाम करत आणि खाली येऊन म्हणत, "पेपर काढ, मास्तरीण. या बारीले याचं हसणं बंद करू."

विद्यार्थी म्हणून ते महाद्वाड होते. पुस्तकाशी भांडत. लोडशेडिंगनंतर जी लाइट येते ती झोपमोड झालेली असते, म्हणून पहिल्या मिनिटाला चिडकी असते, हा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो पुस्तकात नाही म्हणून पुस्तक कच्चं. "फेज म्हणजे बैल, न्यूट्रल म्हणजे गाय," हा दुसरा. मी वाचून दाखवलं की न्यूट्रलची तार मध्येच तुटली तर पुढच्या तुकड्यालाही झटका असतो. ते हसले. "गाय शिंगं मारत नाई, पोरी." त्याच आठवड्यात एका घरी, घरमालक घाई करत होता म्हणून, फ्यूज न काढता त्यांनी नुसती न्यूट्रल सोडवायला घेतली आणि स्टुलावरून खाली आले. उठले, धूळ झटकली, दंड चोळत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोनतं पान होतं ते? पुन्हा वाच." त्यानंतर कुणी कितीही घाई केली तरी फ्यूज खिशात गेल्याशिवाय त्यांनी तारेला बोट लावलेलं मी पाहिलं नाही.

लेखी परीक्षा ते शेवटी पाठ करून काढत. तोंडी परीक्षेत वाद घालत, पण निभावून नेत. अडत ते प्रात्यक्षिकात, तेही गावातलं पोर करील अशा कामात. मी येण्याच्या आदल्या खेपेची गोष्ट तर साऱ्या राजुऱ्याला पाठ होती. वायरिंग असं सुरेख केलं की परीक्षक पाहत राहिले. "लावा फ्यूज," म्हणाले. चाचांनी खोबणीत पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, शेजाऱ्याला विचारलं. फ्यूज सापडेना, दिवा लागेना, वेळ संपली. एसटीत बसल्यावर तिकिटासाठी खिशात हात घातला तर नागपूरच्या परीक्षेचा फ्यूज हातात. मीही ही गोष्ट ऐकून पोट धरधरून हसले होते.

एक दिवस जिन्याखाली डबा खाताना मी विचारलं, "चाचा, बाकी सगळं ध्यानात राह्यते, फ्यूजच काऊन विसरता?" त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"माहा लहान भाऊ होता, सलीम. आमी दोघं कोरपन्याकडं एका कापसाच्या जिनिंगमधी काम करत होतो. त्याचा हात तारेत. मी म्हणलो, हात काढ, एक मिनिट दिवा पाहू दे. त्यानं काढला. मी फ्यूज लावला. दिवा लागला. मालकानं तिकडून काई विचारलं, मी तिकडं पाह्यलं, बोललो. सलीमले वाटलं झालं, मी काढला फ्यूज. त्यानं परत हात घातला."

वरून कुणीतरी जिना उतरत गेलं.

"मी तिथीच उभा होतो," चाचा म्हणाले. "मले समदे म्हणतात, चाचा विसरते. मी विसरत नाई, पोरी. लावायची बारी आली का माहा हातच त्याले लपवून टाकते."

नागपूरच्या त्या फ्यूजवर मी पोट धरून हसले होते, ते मला आठवलं. मी डबा बाजूला सारला. चाचांनीच डबा माझ्याकडे सरकवला. "खा. अन् अर्थिंगचं वाच. ते कच्चं हाय तुहं."

त्या वर्षी आम्ही दोघांनी अर्ज एकदमच भरले, त्यामुळे बैठक क्रमांक लागोपाठ आले. उपाय काढला चाचींनी. परीक्षेच्या शर्टाचा खिसा त्यांनी जाड दोऱ्यानं वरून शिवून टाकला. "खिसाच नाई, तं ठेवान कुठी?" जाताना चाचांनी दोनदा त्या खिशाकडे हात नेला आणि तसाच मागं घेतला. चाची दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बेटी, या साली पंखा फिरू दे व माय." त्यांच्या तोंडचं ते 'बेटी' आणि 'व माय' एकाच वाक्यात ऐकून मी हसले.

प्रात्यक्षिकाला फ्यूजचे बोर्ड कमी होते, म्हणून दोन-दोन टेबलांना मिळून एक फ्यूज दिलेला; तो लावला की दोन्हीकडं लाइट. माझं टेबल चाचांच्या शेजारी. काम होतं जिन्याच्या दिव्याचं: खालून लावायचा, वरून विझवायचा. सुरुवातीलाच चाचांनी फ्यूज उपसला, सवयीनं खिशाकडे नेला आणि खिसा बंद पाहून डाव्या मुठीत धरला. सगळं काम त्यांनी ती मूठ न उघडता केलं. म्हणजे फ्यूज कुठं आहे ते सगळ्या हॉलला दिसत होतं. मला तर इतकं हायसं वाटलं की माझ्याच हातातून स्क्रू निसटला, आणि मी मागं पडले.

परीक्षक आले. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून उभा होता आणि पुढं पुष्कळ टेबलं होती. "झालं ना चाचा? लावा फ्यूज, दाखवा दिवा."

चाचांचा हात खोबणीकडे गेला. खरंच गेला, मी पाहिला. मग त्यांची नजर माझ्या टेबलाकडे वळली.

"साहेब, बाजूच्या पोरीच्या तारा उघड्या हायेत."

"बाई, हात काढा एक मिनिट," परीक्षक म्हणाले. मी दोन्ही हात वर केले. "हं, काढले. लावा."

चाचांची मूठ मिटली. "हात काढला, पर परत घालन ना जी ते. तिचं होऊ द्या. मंग लावतो."

"अहो, मी इथंच उभा आहे ना!"

"मी बी उभाच होतो, साहेब."

त्या हॉलमध्ये या वाक्याचा अर्थ कळणारी मी एकटी होते. परीक्षकांना तो उर्मटपणा वाटला. कुणालाही वाटला असता. त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, मग हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. "चाचा, लावून टाका ना! मी नाई घालत हात," मी कुजबुजले. "मास्तरीण, घाई नको करू. स्क्रू नीट आवळ," ते म्हणाले, जसं काही आम्ही जिन्याखालीच बसलो होतो.

माझं झालं. मी हात वर केले. त्यांनी ते दोन्ही नीट पाहिले, मग मूठ उघडली आणि फ्यूज लावला. दोन्ही टेबलांवरचे दिवे लागले. परीक्षक परत येताना माझा दिवा पाहून गेले. चाचांच्या दिव्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "यांचं झालंय, यांनी सूचना पाळली नाही," एवढंच बरोबरच्या माणसाला म्हणाले. मी काही सांगू लागले तर चाचांनी डोळ्यांनीच दटावलं.

परतीच्या एसटीत मी बल्लारशापर्यंत रडत होते. चाचा टेस्टरच्या टोकानं खिशाची शिलाई उसवत बसले होते. "तुह्या चाचीचा टाका लय पक्का हाय," एवढंच म्हणाले.

मी पास झाले. चाचा झाले नाहीत. पुढच्या साली अर्जाचे दिवस आले, तरी ते दाखला मागायला वर गेले नाहीत. शेठनंच जिन्यावरून हाक मारली, "काऊन चाचा, दाखला नाई पायजे?" चाचा खालून म्हणाले, "नाई पायजे, शेठ." शेठ या खेपेला हसला नाही, एवढं मात्र मला आठवतं. मी तेव्हा चंद्रपूरला दुसऱ्या एका ठेकेदाराकडे लागले होते. सुट्टीला आले की त्यांच्या मागं लागे, एकदा अजून बसा, या वेळी टेबल वेगळं असेल, शेजारी मी नसेन. ते म्हणाले, "मास्तरीण, बाजूले कोणीतं असनच. माहा हात पुन्हा तसाच करन. अन् एखांद्या बारीले नाई केलं ना, तं मले माह्या हाताचंच भेव वाटन." त्यानंतर मी मागं लागणं सोडलं. पण त्यांना मिळायला हवा होता तो परवाना, असं मी आजही म्हणते.

माझा परवाना हातात आला तेव्हा मी तो आधी जिन्याखाली नेला. चाचांनी साबणानं हात धुतले, पुसले आणि अक्षराअक्षरावर बोट ठेवत माझं पूर्ण नाव वाचलं, बापाच्या नावासकट. माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं ते तेव्हा. मग म्हणाले, "फोटो बेकार हाय. माह्या घरचं काम करशील?"

मला वाटलं, त्यांना सही हवी आहे. "तुमी वायरिंग करा, मी सही करतो ना," मी म्हटलं. तर असे भडकले! "भाच्यावाणी? सही तुही, तं काम बी तुहंच. मी पट्टीले हात नाई लावत."

आणि खरंच लावला नाही. पोतं माळ्यावरून मी उतरवलं, शिडी मी लावली, खिळे मी ठोकले. ज्या माणसानं अर्धं गाव उजळलं, तो स्वतःच्या घरात बाजेवर बसून राहिला. बसून राहिला म्हणजे गप्प राहिला असं नाही. "पट्टी तिरपी जाऊन राह्यली." "ते बटन कोण तुहा बाप दाबन इतक्या वर?" "हे असं शिकवलं व्हय मी?" चाची म्हणाल्या, "भाऊच्या पोरीले करू देता का नाई?" माझ्या बापाला त्या भाऊ म्हणत. त्याचं नाव निघाल्यावर चाचा जरा नरमले. अहवालावर मी माझी सही केली तेव्हा त्यांनी कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला. "हां," म्हणाले. "हे खरं हाय."

मीटर बसलं त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही तिघं खोलीत उभे होतो. फ्यूज चाचांच्या खिशात होता. "हात?" त्यांनी विचारलं. मी वर केले. त्यांनी चाचींकडे पाहिलं. "अवं, मी कुठी तारेत हाय?" म्हणत चाचींनीही हात वर केले, एका हातात उलथनं होतं. चाचांनी आमचे चारही हात पाहून घेतले आणि फ्यूज लावला. दिवा लागला. पंख्यानं आधी सगळी माळ्यावरची धूळ आमच्या डोक्यावर टाकली आणि मग तो वारा देऊ लागला. चाची त्याच्याखाली फतकल मारून बसल्या, त्या कंदील विझवायलासुद्धा उठल्या नाहीत. चाचा दाराशी उभे होते. इथं डोकं लागायला पायरी नव्हती, तरी जरासे वाकूनच. हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता.

जिन्याखालचं दुकान त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. ते गेले तेव्हा मी धानोऱ्याकडं एका आश्रमशाळेच्या कामावर होते. निरोप मिळाला तशी निघाले. पोचले तेव्हा अंगणात मांडव घातला होता आणि मांडववाली पोरं त्यात ट्यूबलाइटा जोडत होती, उघड्या तारांना हातानं पीळ देत, फ्यूज जागच्या जागी ठेवून. मी आत गेले आणि तो उपसून खिशात टाकला. मी माझ्या सगळ्या कुडत्यांना खिसे शिवून घेते. कुणी काही विचारलं नाही. मग माणसं चाचांना घेऊन निघाली, ती पोरंही हातातलं टाकून सगळ्यांबरोबर गेली. मी चाचींजवळ बसले, आणि दुपारची शेवटची एसटी धरून परत फिरले, कारण सकाळी शाळेचं काम तपासायला अधिकारी येणार होते.

धानोऱ्यात उतरले तर स्टँडजवळच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली. राजुऱ्याहून दोनदा फोन येऊन गेला होता. मी लावला. पलीकडं चाची.

"मास्तरीण, फ्यूज तुह्याजवळ हाय का?"

मी खिशात हात घातला. होता. "हाय," मी म्हटलं.

"असू दे," चाची म्हणाल्या. "पोरं दुसरा आणून लावतो म्हणत होते, मी नाई लावू देला. कंदील लावला हाय मी. तू सवडीनं ये."

अधिकाऱ्यांना मी निरोप ठेवला आणि पहाटेच्या पहिल्या एसटीनं राजुऱ्याला निघाले.